गाडीचं पाणी जातं कुठे

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार (आठांपैकी सहा अंगं प्रत्यक्ष, गुडघे गेल्या दोन महिन्यांत गाडीखाली डोकावून डोकावून कामातून गेलेत, ते दोन मनातल्या मनात). इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडेही सगळे बरे असणार असं धरून चालते, कारण तुम्ही माझा फोन उचलायचं बंद केल्यापासून विचारून घ्यायची सोय राहिलेली नाही. भाऊजींचा खांदा आता वर जातो का? जात असेल तर निदान त्यांना तरी फोन उचलायला सांगावं.

पत्राचं कारण म्हणजे आपलं शेवटचं बोलणं. तुम्ही म्हणालात की मी तुमच्या आईला या वयात मालाच्या गाडीत घालून चादरींच्या गठ्ठ्यासारखी गावभर फिरवते. मी त्यांचे कान भरले म्हणून त्या तुमच्या नव्या घरी यायला नाही म्हणाल्या. आणि आता तुम्ही त्यांना कायमच्याच घेऊन जाणार. यातला पहिला भाग खरा आहे. तिसऱ्या भागाला माझी काही हरकत नाही. मधला भाग तेवढा चुकीचा आहे. आईंच्या नकाराशी माझा संबंध नाही, त्याचा संबंध गाडीच्या रेडिएटरशी आहे. हे एका वाक्यात पटण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बसून वाचा.

आईंना गाडीत मी कोंबलेलं नाही, एवढं आधी सांगते. बाबा गेल्यावर आपण दोघींनी मिळून त्यांच्या सोबतीला जी बाई ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी हात जोडून गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तिला आई दर दहा मिनिटांनी विचारायच्या, 'बोला, कोण हवंय?' एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या माणसाला गप्प बसलेलं माणूस म्हणजे बिघडलेली लाइन वाटते.) चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला निघाले तर त्या चपला घालून, काठी घेऊन, गाडीच्या दाराशी उभ्या. तेव्हापासून ती सीट त्यांची. दोन उशा, एक शाल, पाण्याची बाटली. वाटेतल्या सगळ्या पाट्या त्या मोठ्यांदा वाचतात, सिग्नल हिरवा झाला की पुकारतात, आणि कुणी आडवं आलं तर काच खाली करून त्याला शांतपणे 'नंबर चुकला' असं म्हणतात. तुमचे बंधू लॉन्ड्रीत मशीन आणि बॉयलर सांभाळतात, मी गाडी चालवते आणि आई गाडी चालवणारीला चालवतात. अशी कामाची वाटणी आहे आणि ती तीन वर्षं बिनबोभाट चालली होती.

दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या चढावर आई एक्सचेंजच्या आवाजात म्हणाल्या, "काटा लालवर." मी खाली बघते तो खरंच. तापमानाचा काटा, जो अकरा वर्षं मधोमध झोपून असायचा, तो पार लाल रेषेवर जाऊन बसलेला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर आतून अशी वाफ आली की क्षणभर मला लॉन्ड्रीतच असल्यासारखं वाटलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, एवढी अक्कल मला आहे (तुमच्या बंधूंच्या उजव्या मनगटावरचा डाग बघून ती आलेली आहे), म्हणून आम्ही दोघी पाऊण तास फुटपाथवर, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर, उन्हात बसलो. येणारेजाणारे आम्हाला घरातून काढल्यासारखं बघत होते. एका बाईंनी आईंना केळं दिलं. आईंनी ते घेतलं. झाकण गार झाल्यावर उघडलं, तर आत दोन लिटर पाणी कमी.

आता इथे आमचा मेकॅनिक येतो. आख्खी गल्ली त्यांना 'सबूर' म्हणते, कारण कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ते या शब्दाने सुरू करतात, अगदी 'चहा घेणार का' याचंसुद्धा. माणूस सज्जन आहे. गाडीला हात लावायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहतो. त्यांनी मला सांगितलं, "सबूर. पाणी कमी झालंय ना? मग ते एक तर बाहेर सांडतंय, नाही तर इंजिन पितंय. तिसरी जागाच नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, वन्सं. पुढचा सगळा घोळ या वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे झाला.

सांडतंय का ते बघायला सबूर यांनी रेडिएटरच्या तोंडावर सायकलच्या पंपासारखा एक पंप बसवला, आतमध्ये दाब भरला आणि पंपावरच्या काट्याकडे बघत आम्ही अर्धा तास उभे राहिलो. कुठे गळती असेल तर काटा खाली येतो. आला नाही. गाडीखाली पुठ्ठे पसरले; सकाळी ते बाजारातून आणल्यासारखे कोरडे. सगळे रबरी पाइप दाबून झाले, वॉटर पंपाच्या बुडाशी बोट फिरवून झालं. काही नाही. शेवटी रेडिएटरच्या झाकणाचं रबर जरा झिजल्यासारखं वाटलं म्हणून झाकण बदललं, हिरवं कूलंट काठोकाठ भरलं आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. चौथ्या दिवशी त्याच चढावर आई म्हणाल्या, "काटा लालवर."

तेव्हा सबूर यांनी तात्पुरता उपाय सांगितला. काटा चढायला लागला की केबिनमधला हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. खटका ओढला की इंजिनाचं गरम पाणी त्यात येतं, पंखा त्यावरून वारा मारतो आणि इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येते. इंजिन वाचतं. केबिनमधल्यांचं काय होतं याबद्दल ते बोलले नाहीत. वन्सं, उन्हाळा होता. बाहेर कुत्री गाड्यांखाली शिरून बसली होती, आणि मी हीटर पूर्ण सोडून, काचा खाली करून, कपाळावर ओला टॉवेल बांधून हॉटेलांच्या चादरी पोचवत होते. एका हॉटेलच्या दरवानाने आदबीने दार उघडलं आणि भट्टीसमोरून सरकावं तसा तो दोन पावलं मागे गेला.

आणि आई? आईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मनासारखं वागवत होतं. तुम्हाला माहीतच आहे, त्यांना बारा महिने थंडी वाजते. तो हीटरचा खटका त्यांच्या गुडघ्याशीच आहे आणि मी बघत नसताना त्या तो आधीही हळूच ओढायच्या (मला सगळं कळायचं, माणसाला घाम का येतो हे माणसाला कळतं). आता तो उघडपणे, मेकॅनिकच्या सांगण्यावरून ओढता येत होता. पाय लांब करून, डोळे मिटून, त्या म्हणायच्या की या मेकॅनिकला दुखणं कळतं. कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग तुमच्या बंधूंनी प्रकरण हातात घेतलं. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला पाणी, वाफ आणि उष्णता यांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं वाटतं, आणि तुमच्या बंधूंना ते बॉयलर नसतानाही वाटायचं. त्यांनी थर्मोस्टॅटवर संशय घेतला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं एक छोटं दार. पाणी तापलं की ते उघडतं. अडकलं की गाडी तापते. ते त्यांनी सबूर यांच्याकडून काढून आणलं आणि घरी दुधाच्या पातेल्यात, दोऱ्याला टांगून, उकळत ठेवलं. स्वयंपाकघरात आम्ही तिघं जण पातेल्यात डोकावून बघतोय. पाणी तापलं आणि त्या वस्तूने सावकाश तोंड उघडलं. गार केलं, मिटलं. पुन्हा तापवलं, उघडलं. हे त्यांनी पाच वेळा केलं. वस्तू निर्दोष होती. पातेलं मात्र कायमचं गेलं.

दोन दिवसांनी त्यांनी दुसरा शोध लावला आणि हा खरा होता, म्हणून त्याचा जास्त त्रास झाला. आपली गाडी जिथे उभी असते, तिथेच भिंतीतून कपडे वाळवायच्या मशीनची नळी बाहेर येते. तिच्यातून उडणारी टॉवेलांची पिंजलेली लव वर्षानुवर्षं गाडीच्या तोंडावर बसत होती. समोरची जाळी काढली, तर मागच्या रेडिएटरवर राखाडी रंगाची गादी जमलेली. वारा आत जाणार कुठून? तुमच्या बंधूंनी ती अखंड सोलून काढली आणि आतून बाहेर पाण्याचा फवारा मारून रेडिएटर लख्ख केला. गाडी चार दिवस अशी चालली की काटा जणू रंगवलेला आहे. त्यांनी ती लवेची गादी इस्त्रीच्या टेबलावर मांडून ठेवली आणि आलेल्यागेलेल्याला दाखवली. पाचव्या दिवशी मी झाकण उघडलं. पाणी दीड लिटर कमी. म्हणजे गाडी तापत नव्हती, पण पाणी जातच होतं. त्यांनी गादी उचलून ठेवली आणि दोन दिवस ते माझ्याशी फक्त मशीनच्या विषयावर बोलले.

आता मी आईंकडे वळते, कारण हे सगळं चाललेलं असताना त्यांचं काहीतरी बिनसत होतं आणि माझं लक्ष गाडीकडे होतं. ही माझी चूक. पत्रात एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नका.

पहिल्यांदा त्यांनी चहातली साखर सोडली. मग चहा सोडला. मग निघायच्या आधी पाणीसुद्धा पिईनात. बाटली भरलेली जायची, भरलेली यायची. केबिनमध्ये आम्ही पुसायला म्हणून जे जुने टॉवेल ठेवतो, ते कमी व्हायला लागले, आणि एका दुपारी बघते तर आई न्हाणीघरात दार लावून टॉवेल हाताने धूत होत्या. घरात पाच मशीन, वन्सं! तुमचे बंधू म्हणाले, जुनी माणसं काटकसरी असतात. गाडीत त्या इतकी सुगंधी पावडर लावून बसायला लागल्या की वळणावर मला शिंका यायच्या. समोरची काच आतून सारखी धुरकट व्हायची, तेलकट हात फिरवल्यासारखी. मी ती रोज पुसायची आणि पावडरीला दोष द्यायची.

एकदा तर हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी मी चादरी उतरवून घेतेय आणि वळून बघते तर सीटवर आई नाहीत. वीस मिनिटं शोधलं. शेवटी दुसऱ्या मजल्यावर, लघवीच्या तक्रारींच्या विभागाबाहेर, बाकावर बसलेल्या सापडल्या, हातात नंबराची चिठ्ठी. विचारलं, इथे काय करताय? म्हणाल्या, "इथला पंखा चांगला आहे." ज्या बाईला बारा महिने थंडी वाजते ती पंखा चांगला म्हणते, आणि माझ्या डोक्यात तेव्हा काही पेटलं नाही. मी एवढंच म्हटलं की चला, गाडी गार झाली असेल.

तुमचा फोन आला तो याच आठवड्यात. नवं घर, आईंसाठी खिडकीची खोली, एवढ्या हौसेने तुम्ही बोलावलंत, आणि त्या म्हणाल्या, "मी कुणाच्या घरी राहायला येणार नाही, पुन्हा विचारू नकोस," आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं मी शेजारी उभी राहून वदवून घेतेय. मी शेजारी उभी होते, हे खरं. मी पोळ्यांच्या डब्याचं झाकण शोधत होते. लगेच तुम्ही मला फोन करून जे बोललात ते बोललात. त्यानंतर दोन दिवसांनी आईंनी गाडीतही बसायला नकार दिला. पाय दुखतात म्हणाल्या. मी निघाले तेव्हा त्या खिडकीत उभ्या होत्या आणि मी वळेपर्यंत तिथेच होत्या. त्या दिवशी मी तीन सिग्नलांवर मागच्या गाड्यांचे भोंगे खाल्ले, कारण हिरवा झालेला मला कुणी सांगितलाच नाही.

इकडे सबूर यांचा चेहरा पडलेला. बाहेर सांडत नाही म्हणजे इंजिनच पितंय, असा त्यांचा निष्कर्ष. तसं असेल तर इंजिनाचं डोकं उघडायचं, आठ दिवस गाडी बंद. पण पाणी पिणारं इंजिन मागून पांढरा धूर सोडतं, आणि त्याचं तेल दुधाळ होतं. आमच्या गाडीचा धूर साधा, तेल काळंभोर. त्यांना ते पटत नव्हतं. म्हणाले, "सबूर. डोकं उघडायच्या आधी मला एकदा फिरवून आणा. तुम्ही रोज जशी चालवता तश्शी चालवा."

मी रोज चालवते तशी चालवली, म्हणजे हीटरसकट. ते आईंच्या सीटवर बसले. चढ संपेपर्यंत घामाने निथळत होते पण तक्रार केली नाही. वर पोचल्यावर त्यांनी नाकाने दोन-तीनदा वास घेतला. म्हणाले, गोडसर येतोय. मी म्हटलं, पावडर असेल, माझ्या सासूबाईंची. त्यांनी मान हलवली, खाली वाकले, पायाखालची रबरी चटई उचलली आणि तिच्याखालच्या गालिच्यावर हात दाबला. हात वर आला तो ओला, हिरवट. दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली, बुळबुळीत. मग त्यांनी पहिल्यांदाच 'सबूर' न म्हणता डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

गळत होता तो हीटर. डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या रेडिएटरला बारीक भोक पडलेलं. खटका बंद असला की त्यात पाणीच जात नाही, म्हणून पंपाचा दाब लावून बघितलं तेव्हा काटा हलला नाही. भर उन्हाळ्यात वर्कशॉपमध्ये हीटर चालू कोण करणार? खटका ओढला की पाणी यायचं आणि ठिबकत ठिबकत नेमकं बसणाऱ्याच्या पायाशी जमायचं. आधी आई तो चोरून ओढायच्या, आणि नंतर गाडी वाचवायला म्हणून आम्हीच दिवसभर ओढून ठेवत होतो. म्हणजे ज्या उपायाने आम्ही गाडी वाचवत होतो, त्यानेच तिचं पाणी काढत होतो. सबूर यांनी कपाळावर हात मारला. कपाळ हिरवं-काळं झालं. मग त्यांनी विचारलं, "इथे रोज बसतं कोण?"

"माझ्या सासूबाई."

"दीड महिना पायाखाली ओलं, आणि त्या एकदाही बोलल्या नाहीत?"

वन्सं, मी सावकाश समजणारी बाई आहे. पण तिथे बसल्या बसल्या मला सगळं एकदम दिसलं. टॉवेल, सोडलेला चहा, पावडर, दुसऱ्या मजल्यावरचा बाक. त्यांना वाटत होतं की ते पाणी त्यांचं आहे. दीड महिना ती म्हातारी माझ्या शेजारी बसून, माझं लक्ष रस्त्यावर असताना, पायाने टॉवेल दाबून ओल टिपत होती, आणि तोंडाने पाट्या वाचत होती. लेकीचं नवं घर, नवी गादी, खिडकीची खोली. कशा येणार होत्या त्या?

मी गाडी कडेला लावून थोडा वेळ बसले. सबूर खाली उतरून उगाच टायर तपासत राहिले. (मी म्हटलं ना, माणूस सज्जन आहे.)

घरी गेले तर आई खिडकीशी. आता हे कसं सांगायचं, याचा मला काही सराव नाही. आपल्या घरात असं बोलायची पद्धत नाही आणि असती तरी मला जमलं नसतं. म्हणून मी भाजी निवडायला घेतली आणि भाजीकडे बघत म्हटलं, "आई, गाडीची गळती सापडली. हीटर गळत होता. पाणी सगळं तुमच्या पायाशी येत होतं."

आईंनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"दीड महिना झाला असेल."

"रंग कुठला असतो गं त्या पाण्याचा?"

"हिरवा. आणि वास गोड असतो."

त्या खुर्चीत टेकल्या. "मला वाटलं, हिरवा रंग माझ्या त्या नव्या गोळ्यांचा," त्या म्हणाल्या. "आणि गोड वास म्हणजे साखर वाढली."

मी भाजी निवडत राहिले. वर बघितलं असतं तर दोघींची पंचाईत झाली असती. थोड्या वेळाने त्या उठल्या, काठी घेतली, कुणाचाही हात न धरता जिना उतरल्या, आणि गाडीजवळ जाऊन पुढच्या चाकावर काठीचे तीन रट्टे घातले. तुमचे बंधू मशीन सोडून धावत आले, काय झालं, काय झालं. आई म्हणाल्या, "काही नाही. हलकट कुठली," आणि वर येऊन त्यांनी लागोपाठ तीन कप चहा घेतला, साखर घालून. चौथा मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी हीटर काढायचा होता. त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उचकटावा लागतो. सकाळपासून दुपारपर्यंतचं काम. आई हट्टाने वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसल्या. तो भाग बाहेर निघाला तेव्हा सबूर यांनी आदबीने त्यांच्यासमोर धरला आणि सळईच्या टोकाने भोक दाखवलं. आईंनी चष्मा लावून बघितलं. म्हणाल्या, "एवढंसं?" आणि मग हसायला लागल्या, वन्सं. मी या घरात आल्याला सव्वीस वर्षं झाली. त्यांना असं हसताना मी पाहिलेलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. सबूर यांना कारण माहीत नव्हतं (मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलं नाही, पण माझा संशय आहे की त्यांना कळलंय), तरी तेही हसले.

नवीन हीटर बसला आहे. काटा मधोमध आहे. पाण्याची पातळी आज बारा दिवस झाले, काठाला आहे. आई पुन्हा सीटवर आहेत आणि काल त्यांनी एका पोलिसाला 'नंबर चुकला' म्हटलं. तर हे असं आहे. मी कुणाचे कान भरलेले नाहीत. तुम्ही त्यांना बोलवा, त्या येतील. तुमच्या नव्या घरात खिडकीच्या खोलीत त्या सुखाने राहतील आणि मला गाडीत मोकळी हवा मिळेल. जशी तुमची इच्छा.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या बंधूंचा नमस्कार (त्यांनी सांगितलेला नाही, पण मी कळवते).

तुमची,
वहिनी

ता. क. – हे मी तुम्हाला लिहिलंय हे आईंना माहीत नाही. 'लेकीला यातलं एक अक्षर कळता कामा नये' असं त्यांनी मला बजावलंय. तेव्हा तुम्हाला काही कळलेलं नाही. फोन कराल तेव्हा गाडीचा विषय काढू नका. आल्यावर त्यांच्या गादीखाली मुद्दाम प्लॅस्टिक वगैरे अंथरू नका. त्यांना ते लगेच कळेल.

ता. क. २ – त्या एकदा नाही म्हणतील. ते मनावर घेऊ नका, दुसऱ्यांदा विचारा.

ता. क. ३ – कायमच्या नेण्याबद्दल. मी वर दोनदा लिहिलंय की माझी हरकत नाही. ते खोडायचं तर पान पुन्हा लिहावं लागेल, म्हणून इथेच लिहिते. तीन आठवडे. चौथ्या सोमवारी सकाळी दहाला मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी येईन. त्यांना तयार ठेवा. यात हळवं वगैरे काही नाही. हॉस्पिटलचा स्टोअरकीपर फक्त त्यांनाच घाबरतो आणि त्यांच्याशिवाय तो चादरी मोजायला अर्धा दिवस लावतो. शिवाय तुमच्या बंधूंकडून मी सव्वीस वर्षांत जेवढं ऐकलंय तेवढं त्या मला एका चढावर ऐकवतात. तुम्ही लेक आहात, तुमचा हक्क मोठा आहे, मला मान्य आहे. तरी तीन आठवडे.

ता. क. ४ – (हे अक्षर माझं आहे, ओळखलं असशीलच.) पाकीट उघडं टाकून ही चादरी द्यायला खाली गेली. पत्र पूर्ण वाचलं. शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या, त्या सुधारल्या आहेत. मी टेलिफोनमध्ये एकतीस नाही, तेहतीस वर्षं होते. तू हिला फोनवर काय बोललीस ते ही मला कधी सांगणार नाही, पण इथे पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. आधी हिला फोन कर आणि नीट माफी माग. हिची मागून झाली की हिलाच म्हण, आईला दे. मग मला विचार. मी पहिल्याच फटक्यात हो म्हणेन. आणि तीन आठवडे फार होतात. दोन.

– आई